मनगटावरची ज्योत

कारखान्यात त्याला सगळे मिलिमीटर म्हणत. खरं नाव हजेरीपुरतं उरलं होतं.

पोलादाचे जाड पत्रे कापणं हे त्याचं काम. यंत्राच्या चोचीतून दाबाखाली हवा सुटायची, तिच्यातून वीज खेळायची आणि हवेची हवा राहायची नाही. तिचा प्लाझ्मा व्हायचा. पेन्सिलीएवढी ज्योत, पण सूर्याच्या पृष्ठभागाहून कितीतरी तापलेली. बोटभर जाडीचं पोलाद तिच्याखाली मुकाट्याने दुभंगायचं. खालच्या हौदात ठिणग्या चरचरत विझायच्या.

यंत्राभोवती जमिनीवर त्याने पिवळी रेष मारून घेतली होती. ज्योत पेटली की कुणाचा पाय त्या रेषेच्या आत दिसता कामा नये. दिसला तर तो मान वर न करता म्हणायचा, "पाय मागे." एकदा मालकच पाहुण्यांना घेऊन रेषेच्या आत आले. "पाय मागे."

"अरे, मालक आहे मी," मालक हसत म्हणाले.

"मालकांचे पाय पोलादाचे आहेत का? असते तरी कापले गेले असते."

मालक मागे सरले.

इतकी वर्षं त्या ज्योतीपाशी काढली, पण उघड्या डोळ्यांनी ती त्याने कधी पाहिली नव्हती. नेहमी काळ्या काचेआडून. काच दूर केली तर डोळे जातील, हे त्याने पहिल्या दिवशी ऐकलं आणि कायमचं ऐकलं.

कापण्याचं बाळकडू मात्र त्याला कारखान्यात मिळालं नव्हतं. ते ताईने दिलं. आईवडील लवकर गेले. ताईने पायाच्या शिलाई मशीनवर लोकांचे कपडे शिवून धाकट्या भावाला वाढवलं. तो तिच्याजवळ बसून कापडावर खडूच्या रेघा मारायचा. ती म्हणायची, "बाळ्या, रेघेवर कापू नकोस. रेघेबाहेर शिलाईला जागा सोड. माप बरोबर असून झगा आखूड होतो, तो इथंच." पुढे कारखान्यात ज्योत स्वतःही पोलादाची एक पट्टी खाते, हे इतरांना तुकडे लहान पडू लागल्यावर कळलं. त्याला पहिल्याच पत्र्याला कळलं होतं. मिलिमीटर हे नाव तेव्हाचं.

"आपलं घराणंच कापाकापीचं," ताई म्हणायची.

तिलाच कापायची वेळ येईल, असं कुणाच्या मनात आलं नव्हतं.

ताईला साखर होती. पायांना आधी मुंग्या यायच्या. मग मुंग्याही येईनाशा झाल्या. उजव्या टाचेला चप्पल चावली, ते तिला कळलंच नाही. फरशीवर डाग दिसला तेव्हा कळलं. मलमं झाली, पट्ट्या झाल्या, इंजेक्शनं झाली. जखम भरेना. सर्जन सरळ बोलणारे होते. हाडापर्यंत गेली तर पाय घोट्यातून काढावा लागेल, असं त्यांनी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी तो ताईकडे गेला. दार उघडंच होतं. ताई मशीनवर बसली होती. उजवा पाय तिने स्टुलावर ठेवला होता आणि एकट्या डाव्या पायाने मशीनचं पायडल हलवून बघत होती. चाक अर्धं फिरायचं, अडखळायचं, उलटं यायचं. ती पुन्हा सुरुवात करायची. तो दारातूनच मागे फिरला. मग पायरीवर मुद्दाम चप्पल वाजवून आत आला.

त्या आठवड्यात सर्जनांनी त्यांना जखमांच्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. बाई वयाने लहान, बोलायला मोकळ्या. त्यांनी टाच नीट पाहिली. म्हणाल्या, "एक नवं यंत्र आलंय. याला प्लाझ्मा देऊन बघू या."

तो खुर्चीतून उठला. ताईच्या दंडाला धरलं. "चल."

"अरे, ऐकून तर घे."

"रोज ऐकतो. कानात बोळे घालून ऐकतो."

"हा थंड प्लाझ्मा असतो," बाई म्हणाल्या.

"थंड प्लाझ्मा म्हणजे कोरडं पाणी झालं, बाई. मी त्याने पोलाद कापतो."

ताईने आपला दंड सोडवून घेतला. म्हणाली, "डॉक्टर, मला यातलं काही कळत नाही. याचा सगळा जन्म त्यात गेलाय. हा हो म्हणाला तर करा. नाही म्हणाला तर राहू दे."

"लवकर ठरवा," बाई म्हणाल्या. "जखम थांबणार नाही."

म्हणजे पाय आता त्याच्या शब्दावर होता.

कारखान्यात तेव्हा एका संशोधन केंद्राचं काम चालू होतं. जाड, कमानीसारखे तुकडे. ते तपासायला तिथले एक इंजिनिअर आले होते. चहाच्या वेळी त्याने हळूच विचारलं, "साहेब, थंड प्लाझ्मा असतो का?"

इंजिनिअरांनी बोट वर केलं. छताला ट्यूबलाइटची रांग होती. "त्यात काय जळतंय, वाटतं तुम्हाला?"

"गॅस असतो ना?"

"विजेने गॅसचे कण फुटतात. त्यातून निघालेले इलेक्ट्रॉन तेवढे तापतात. ते अगदी हलके. बाकीचा गॅस जवळजवळ थंडच राहतो. तोही प्लाझ्माच. गर्दीत चार पोरं धुडगूस घालतात आणि बाकीचे गप्प बसलेले असतात, तसं. तुमच्या यंत्रात सगळी गर्दीच पिसाळते."

तो वर बघत राहिला. लहानपणी तो ट्यूबलाइटखालीच बसायचा. ताई कपडे शिवायची, तो अभ्यास करायचा. ही गोष्ट तेव्हापासून त्याच्या डोक्यावर होती.

"आणि हे आपण कापतोय ते कशासाठी?"

"एका मोठ्या भांड्याच्या आधारासाठी. भांड्यात प्लाझ्मा असणार. कोट्यवधी अंश तापलेला. सूर्याच्या गाभ्याहूनही जास्त."

"भांडं वितळेल की."

"चुंबकांच्या जोरावर तो अधांतरी धरायचा. भिंतीला टेकू द्यायचा नाही. टेकला तर भिंतीला थोडं पोळेल, पण त्याच्या आधी तोच गार पडेल, विझेल. हे जमलं तर सूर्य ज्या रीतीने चालतो, त्या रीतीने वीज करता येईल. अजून त्यावर कुणाच्या घरात दिवा लागलेला नाही. खटपट चालू आहे."

तो पुन्हा कामाला लागला. ज्योत पेटवली. पण नजर आज वेगळी होती. ज्याने तो पोलाद कापत होता, त्याच्याच एका भावंडासाठी घर कापून देत होता. ते भावंड इतकं तापट, की त्याने कुठे टेकायचंच नाही. आणि दुसरं डोक्यावर शांत जळत होतं.

घरी आल्यावर त्याने स्टूल ओढलं आणि वर चढून पेटलेल्या ट्यूबला हात लावला.

"अहो, ती चालू आहे," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली.

"म्हणूनच."

काच कोमट होती.

"ताईंचं काय ठरवलंत?" बायकोने विचारलं. तो स्टुलावरून उतरला. काचेच्या आतलं वेगळं. ताईच्या टाचेवर काच नसणार.

दवाखान्यात जाताना त्याने पिशवीत काळा चष्मा आणि चामड्याचे हातमोजे घेतले. आत गेल्यावर आधी ताईच्या डोळ्यांवर चष्मा चढवला.

"मला काही दिसत नाही, बाळ्या."

"दिसू नये म्हणूनच."

बाईंनी यंत्र काढलं. जाड पेनाएवढं. त्याने विचारलं, "हिला पोळलं तर कळणार कसं? टाचेला संवेदनाच नाही."

बाई थांबल्या. "खरं आहे. म्हणून मी आधी स्वतःवर घेते." त्यांनी बटण दाबलं आणि टोक आपल्या बोटावर फिरवलं.

"तुमचं बोट तुम्हाला कळतं. मला कळलं पाहिजे."

त्याने हातमोजा न घालता अंगठा पुढे केला. आयुष्यात पहिल्यांदा त्याचा हात रेषेच्या आत गेला. बाईंनी टोक जवळ आणलं. तो डोळे मिटून उभा. काहीच लागेना.

"काही कळत नाही," तो म्हणाला. अंगठ्याचं कातडं इतकं राठ झालं होतं, की तिथे सुईसुद्धा कळली नसती.

"बघ," ताई चष्म्याआडून म्हणाली, "माझ्या टाचेला नावं ठेवतोय."

बाईंनी त्याचा हात उलटा केला. मनगटाच्या आतली कातडी. तिथे निळ्या शिरा दिसत होत्या. "इथे," त्या म्हणाल्या. "आणि डोळे उघडा. याला काच लागत नाही."

त्याने डोळे उघडले.

टोकातून जांभळी ज्योत निघाली होती. नखापेक्षा लहान. पारदर्शक. मागचं मनगट तिच्यातून दिसत होतं. कानाशी बारीक सूं ऐकू येत होतं. झेरॉक्सच्या दुकानात येतो तसा वास आला. ज्योत कातडीवर पसरली. कुणीतरी लांबून फुंकर घालावी, तेवढंच जाणवलं. थोडी हुळहुळ. शीर तशीच उडत होती.

जन्मभर जिच्यापासून माणसांचे पाय मागे सारले, ती आपल्या मनगटावर नाचतेय आणि आपण तिच्याकडे उघड्या डोळ्यांनी बघतोय. त्याचे डोळे भरून आले. बाईंनी टोक बाजूला घेतलं.

"पोळलं?" ताईने विचारलं.

"नाही." तो तिच्याकडे वळला. "ताई, चष्मा काढ. तू पण बघ. सुंदर आहे."

"मग करू?" बाईंनी विचारलं.

"करा."

बाईंनी आधीच बजावलं. जंतू मरतात, जखमेच्या कडांना चेव येतो. पण सगळ्यांनाच गुण येतो असं नाही. पट्टी, साखर, पथ्य, सगळं चालूच ठेवायचं. तो दर खेपेला गेला. दर खेपेला आधी मनगट पुढे करायचा. बाई हसायच्या आणि पहिली फुंकर त्याला द्यायच्या. बरेच दिवस काही फरक दिसला नाही. मग एकदा कडेला गुलाबी किनार दिसली. दोरा ओवताना सुईच्या नाकात दिसतो, तेवढी. पण होती. पुढच्या खेपांना ती आत सरकत गेली. सर्जनांनी टाच पाहिली, फोटो पाहिले आणि म्हणाले, "पाय राहील."

ताईने पहिलं काम केलं ते मशीनवर बसण्याचं. दुसरं म्हणजे, कारखाना बघायचाय म्हणून हट्ट धरला.

ती आली तेव्हा शेवटची कमान कापायची होती. त्याने तिच्या डोळ्यांवर काळा चष्मा नीट बसवला, यंत्रापाशी गेला आणि ज्योत पेटवली. ताई बघत राहिली. बघता बघता कधी पुढे आली, तिचं तिलाच कळलं नाही.

त्याने मान वर केली नाही. पिवळ्या रेषेच्या आत त्याला चपला दिसल्या.

"ताई, पाय मागे."

"कुठला?"

"दोन्ही," तो म्हणाला, आणि ज्योत क्षणभर विझवून काचेमागचे डोळे पुसले.