आक्काच्या हातचं

निरोप एसटीच्या कंडक्टरनं आणला. शिरूरच्या शाळेत मी चौथीच्या पोरींना पाढे म्हणायला लावले होते. दुपारची गाडी स्टँडात लावून तो माणूस उन्हातून चालत शाळेपर्यंत आला, डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली आणि व्हरांड्यातूनच म्हणाला, "बाई, दौंडास्नं निरोप हाय. तुमचे दाजी गेले." मी खडू खाली ठेवला. आणि खरं तेच सांगते, माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो "पिऊन?" कंडक्टर चपापला. "न्हाई ओ बाई! ड्यूटीवरनं आले, चहाला बसले, आन् छातीत कळ आली म्हणं…"

किती वर्षं त्या माणसानं थेंबाला हात लावला नव्हता. तरी त्याच्या मरणाची बातमी कानावर आली आणि मनात आधी तेच आलं. माझ्या जागी दुसरी कुणी असती तर हे लिहिलं नसतं. दाजी मात्र हसले असते. "इचारलंस ते बरं केलंस, मास्तरीणबाई. मनात ठिवून कुजवण्यापरीस बरं," असं म्हणाले असते. आज त्यांना जाऊन महिना होत आला. आमच्या नातलगांत या विषयावर सगळे कुजबुजतात, मोठ्यानं कुणी बोलत नाही. आक्काला विचारलं, लिहू का? ती म्हणाली, "लिही. पण आमी दोघं शाणी होतो असं लिहू नको." तेव्हा लिहायला बसले आहे.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, दत्तोबा. दौंडला रेल्वेच्या लोकोशेडमध्ये फिटर. आमचं माहेर तळेगाव ढमढेऱ्याचं. लग्नात मी परकरी पोर होते. यांचे बूट लपवून बसले आणि वाटलं, आता गंमत. तर हे अनवाणीच वरातीला निघाले आणि जाता जाता म्हणाले, "ठिव तुलाच. तुज्या नवऱ्याला व्हतील!" तेव्हापासून आमचं जे तोंडाला तोंड लागलं ते शेवटपर्यंत सुटलं नाही. मी शिक्षिका झाले तर मला ते मास्तरीणबाई म्हणायला लागले, आणि मी त्यांना इंजिनबुवा. माणूस हौशी, हाताला गुण असलेला, आक्कावर जीव टाकणारा. म्हणून तर राग यायचा. नालायक असता तर दोन शिव्या हासडून मोकळे झालो असतो आम्ही.

दारूबंदी होती. दुकानं बंद केली म्हणजे दारू बंद झाली, असं सरकारला वाटत होतं. इकडं नदीकाठच्या बाभळीत भट्ट्या लागायच्या आणि सायकलीच्या ट्यूबा भरभरून माल रेल्वे कॉलनीच्या कुंपणापर्यंत यायचा. दाजी आधी पगाराच्या दिवशी प्यायचे, मग आठवड्याच्या सुट्टीला, मग रोज. दाजींनी आक्कावर कधी हात उगारला नाही, पण शेडमधून निघालेला माणूस घरी पोचायचा नाही. कधी सिग्नलच्या खांबाशी, कधी रुळाच्या कडेला खडीत आडवा. आक्का कंदील घेऊन शोधायला निघायची, आणि बरोबर कासमभाई. कासमभाई हे त्यांच्याच शेडमधले वयानं मोठे बॉयलरवाले, पाच वक्त नमाज पढणारे. दोघं मिळून यांना उचलून आणायची. अखेर साहेबानं तंबी दिली, की आता पुन्हा असं झालं तर नोकरीही जाईल आणि क्वार्टरही.

त्याच सुमारास आक्का माहेरी आली असताना तळेगावच्या बाजारात तिला एक औषधवाला भेटला. झाडाखाली सतरंजी, त्यावर बाटल्या, आणि मोठ्या आवाजात एकच पुकारा: दारू सोडवा, पिणाऱ्याला पत्ता लागणार नाही! पुडी जेवणातून द्यायची. आक्कानं पदराखाली झाकून आणली आणि पिठल्यात कालवली. कुणाला विचारलं नाही. विचारायचं तरी कुणाला? तिसऱ्याच दिवशी दाजी शेडमध्ये ओकता ओकता कोसळले. रक्त पडलं. रेल्वेच्या दवाखान्यात आठवडा काढला. त्यांना वाटलं, दारूच अंगावर आली, आता मरतोय. धसका घेतला आणि सोडली. आक्काला आभाळ ठेंगणं झालं. पुढच्या बाजाराला तिनं त्या औषधवाल्यापुढं नारळ आणि खण ठेवला आणि सगळी हकीकत भाबडेपणानं सांगितली.

पुढं काय झालं ते मला कासमभाईंनी सांगितलं. आमच्याकडच्या जत्रेला दाजी त्यांना घेऊन तळेगावला आले होते. दोघं बाजारातून चालले होते. झाडाखाली गर्दी होती म्हणून थांबले. औषधवाला रंगात आला होता. "दौंडच्या शेडमदला फिटर! गटारीत लोळत व्हता. बायकूनं पिठल्यातनं पुडी दिली, आन् गड्याला अजून ठावं न्हाई! आता दुधानं धुतल्यागत झालाय!" लोक हसत होते. दाजीही आधी हसले. मग हळूहळू हसू गेलं. कासमभाईंनी त्यांचा दंड धरला आणि गर्दीतून बाहेर काढलं.

दौंडला घरी परतल्यावर दाजींनी आक्काला विचारलं, "पिठल्यातनं दिलीस?" ती म्हणाली, "व्हय." "कुत्र्याला घालत्यात तशी?" ते ओरडले नाहीत. आक्का म्हणते, ओरडले असते तर बरं झालं असतं. त्या संध्याकाळी ते पिऊन आले, आणि दुसऱ्या दिवशी एक रॉकेलचा स्टोव्ह विकत आणून व्हरांड्यात मांडला. आपलं पीठ वेगळं, आपली भांडी वेगळी. आक्काच्या हातचं पाणीसुद्धा घेईनात. त्या औषधवाल्याचा बरा झालेला फिटर असा पुन्हा खडीत लोळायला लागला. बाजारातला पुकारा मात्र चालूच होता.

मग पुण्याचा एक मोठा दवाखाना झाला. सासरची-माहेरची सगळी मिळून यांना तिथं घेऊन गेलो. पंधरा दिवसांचा कोर्स. इंजेक्शनं, गोळ्या, त्या गोळ्यांवर दारू प्यायली की जीव घाबरा होतो म्हणे. डॉक्टर माणूस वाईट नव्हता, पण त्याला घाई फार. पंधराव्या दिवशी म्हणाला, "शरीरातून दारू गेली. आमचं काम संपलं. आता मनाचा निग्रह हवा." दाजी खाटेवर बसूनच म्हणाले, "डाक्टर, निग्रहाची गोळी न्हाई व्हय तुमच्याकडं?" डॉक्टरला ते आवडलं नाही. मला तेव्हा हसू आलं होतं, आता येत नाही. पुडीवाला काय आणि पुण्याचा डॉक्टर काय, दोघांनाही माणूस रिकामा करून द्यायचा होता. पुढच्या सकाळी तो माणूस कुठं जाईल, कुणाशी बोलेल, हात थरथरले की ते कुठं ठेवेल, हे कुणीच पाहिलं नाही. घरी आल्यावर दीड महिन्यात पुन्हा सुरू झालं. पुन्हा नेलं तर डॉक्टर आमच्यावरच चिडला. तुमच्या माणसालाच बरं व्हायचं नाही, म्हणाला. असला राग आला मला!

बरं व्हायचं होतं हो त्यांना. ते मला कासमभाईंमुळं कळलं. कासमभाईंनी शपथ घातली नाही, उपदेश केला नाही. ड्यूटी सुटली की यांना घेऊन स्टेशनाबाहेरच्या हॉटेलात चहाला बसायचे, आणि ती पिण्याची वेळ टळेपर्यंत उठायचेच नाहीत. काय बोलायचात, म्हणून मी एकदा विचारलं. "काय बोलणार बाई, इंजिनाचं. न्हाईतर गप बसायचं," म्हणाले. दाजी त्यांच्याच डब्यातलं जेवायचे. भावकीत त्यावर बोभाटा झाला, मुसलमानाच्या डब्यातलं खातो म्हणून. मी म्हटलं, खडीतून उचलायला भावकीतला कोण आला होता?

हळूहळू दिवस जमायला लागले. मध्येच एका शिमग्याला घसरले. दुसऱ्या दिवशी तोंड दाखवायची लाज वाटली म्हणून कामावर गेले नाहीत. संध्याकाळी कासमभाई दारात हजर. "काल काल गेला, दत्तू. चल, चहा गार होतोय." एवढंच. दाजी मला म्हणाले होते, "त्या दिवशी त्यो आला नसता, तर मी परत कुणाकडंच गेलो नसतो, मास्तरीणबाई." त्यानंतर मात्र घसरले नाहीत. सुटली असं कधी म्हणाले नाहीत. कुणी कौतुक केलं की, "आजचं इचारा," म्हणायचे, आणि विषय बदलायचे.

पण घरात स्टोव्ह तसाच. दारू गेली तरी तीन वर्षांच्या वर दाजींनी आक्काच्या हातचा घास घेतला नाही. लग्नाच्या पंगतीत कुणीही वाढलेलं जेवायचे, हॉटेलातलं खायचे. घरी स्वतः भाकरी थापायचे, आणि चांगली थापायचे. "सुगरण झालोय, एखादं स्थळ बघ मला," असं मलाच चिडवायचे. आक्का आतल्या शेगडीवर एकटीपुरतं रांधायची. "अख्खं दौंड वाढतं ते यांना चालतं," एकदा माझ्या गळ्यात पडून रडली, "माजंच तेवढं इख!" आणि ती तरी कुठं मोकळी होती? दाजी आले की टोपी घ्यायच्या निमित्तानं जवळ जायची आणि तोंडाचा वास घ्यायची. त्यांना ते कळायचं. "हां, घे," म्हणून मोठ्यानं श्वास सोडायचे तिच्या तोंडावर. मी दाजींना एकदा स्पष्टच विचारलं, की किती दिवस छळणार आहात तिला? तेव्हा त्यांचे डोळे भरले. "माजा राग न्हाई गं तिच्यावर. कवाच गेला. घास उचलाय जातो… हातच वर येत न्हाई."

मग एक दिवस मी सुट्टीला दौंडला गेले, तर व्हरांड्यात स्टोव्ह नाही आणि दाजी आत बसून जेवतायत. काय झालं, कसं झालं, दोघांनीही सांगितलं नाही. मी खोदून विचारलं, तर दाजी म्हणाले, "पोळ्या जाड करती तुजी भन." बस्स.

ते कळलं परवा. तेरावं होऊन गेलं होतं आणि मी आक्काजवळ राहिले होते. कासुर्डीहून एक बाई आली, तिशीची असेल. नवरा पितो. दाजींची दारू सुटल्याचं तिनं कुणाकडून तरी ऐकलेलं. "आक्का, तुमी कंचं औशद दिलं हुतं?" तिनं विचारलं. बाजारातून घेतलेली एक पुडी तिच्या कमरेला होतीच, चालेल का ते विचारायला आलेली. मला वाटलं, आक्का आता उठून आत जाईल. आक्कानं तिला माजघरात घेतलं आणि पुडीपासून सगळं सांगितलं. मग म्हणाली, "आकाडातली अवस हुती, गटारी. अख्खी कॉलनी प्यालेली. यार्डात डबं घसरलं हुतं म्हणून ह्यास्नी उशीर झाला, ते मला ठावं न्हवतं. दिवेलागण होऊन गेली. मी शेगडीम्होरं बसून ठरवलं, आज उठायचं न्हाई. आले. मी म्हणलं, आलात? हात धुवा. तर दारातच उभे. 'टोपी घ्यायला आली न्हाईस?' मी म्हणलं, न्हाई. 'का?' मी म्हणलं, वास घिऊन काय करू? पिऊन आला असशिला तरी घर तुमचंच हाय. मग पाट घेतला, शेगडीकडं पाठ केली, दाराकडं तोंड करून बसले आन् म्हणले… वाढ."

आक्काला तिथं रडू आलं. मीही रडले, लाजायचं काय त्यात. त्या दिवसापासून दाजी रोज तसेच बसायचे. मी कितीदा पाहिलं होतं आणि मला वाटायचं, दाराचं वारं येतं म्हणून बसतात.

आक्कानं डोळे पुसले, तोच पाट ओढला आणि त्या बाईला म्हणाली, "उपाशीपोटी एवढ्या लांबनं आलीस. बस हितं. न्हाई, अशी न्हाई, दाराकडं तोंड कर." बाई अवघडून बसली. मागं आक्का काय वाढतेय ते तिला दिसत नव्हतं. ताट समोर आलं. तिनं क्षणभर ताटाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. आणि पहिला घास घेतला.

जाताना पुडी तिच्या कमरेलाच होती. ती गेल्यावर मी आक्कावर उखडले. "काढून घ्यायची होतीस ना ती! तिच्या हातातून ओढून शेगडीत टाकायची होतीस!" आक्का म्हणाली, "ओढून घिऊन काय व्हतंय? बाजारात दुसरी मिळती. तिचं तिला ठरवू दे." तिनं ओल्या फडक्यानं पाट पुसला आणि जिथं होता तिथंच, दाराकडं तोंड करून ठेवला.