आत्याचा डावा पाय

आमच्या भागातल्या निम्म्या लोकांना गाडी आत्याने शिकवली. उरलेल्यांना शिकवायला ती तयार नव्हती.

ती खरी आत्या एकाचीच, ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकाची. पण भाचा हाक मारायचा म्हणून ऑफिसात फोन घेणारी मुलगी मारायला लागली, मग शिकायला येणारे सगळेच. तिच्याहून वयाने मोठे असलेले एक निवृत्त न्यायाधीश "आत्या, गिअर पडत नाही हो" असं काकुळतीला येऊन म्हणताना मी मागच्या सीटवरून ऐकलं आहे.

मी तिच्याकडे गेले तेव्हा नुकतीच एम. ए. झाले होते आणि घरी बसून होते.

"काय शिकलीस?" तिने पहिल्याच दिवशी विचारलं.

"साहित्य."

"म्हणजे गाडी बंद पडली की वर्णन करशील."

गाडी बंद पडायचीच. क्लच हळू सोडायचा असतो, मी एकदम सोडायची. गाडी बेडकासारखी एक उडी मारून गप्प व्हायची. शिकवणाऱ्यांच्या गाडीत त्यांच्या बाजूलाही क्लच आणि ब्रेक असतात. माझी चूक होण्याच्या क्षणभर आधीच आत्याचा डावा पाय तिच्या क्लचवर पडलेला असायचा. बोलण्यात मात्र खंड नाही. भाचा किती वाळलाय, समोरच्या सायकलवाल्याला घरची ओढ आहे की नाही, शेजारीण रोज कशाला हसते. तोंड एकीकडे, पाय एकीकडे. मी थक्क होऊन पायाकडे बघायची आणि रस्ता राहून जायचा.

"हा पाय माझा नाही," ती म्हणायची. "गाडीचाच आहे. मी फक्त संध्याकाळी घरी नेते."

परीक्षेत मी नापास झाले. पुन्हा दिली, पुन्हा झाले. पण तोवर आमची गट्टी जमली होती. मी सकाळी जाऊन मागच्या सीटवर बसायची आणि दुसऱ्यांना नापास होताना बघायची.

मग पेट्रोलचं झालं. आमच्याकडे तेल निघत नाही, सगळं बाहेरून जहाजाने येतं. त्या वर्षी कुठेतरी दूर दोन देशांचं बिनसलं आणि आमच्या कोपऱ्यावरच्या पंपाला दोरी बांधली गेली. दोरी सुटायची तेव्हा रांग शाळेच्या फाटकापर्यंत जायची. आत्याने शिकवणी रांगेतच सुरू केली. रांग एक-एक गाडीने सरकायची. अर्धा क्लच सोडा, थांबा, पुन्हा सोडा. "यापेक्षा चांगलं मैदान मिळायचं नाही," ती म्हणायची. त्या महिन्यातली सगळी मंडळी अर्ध्या क्लचमध्ये तरबेज झाली. चौथा गिअर मात्र कोणी पाहिला नाही.

भाच्याने उपाय शोधायला घेतले. आधी गॅस. डिकीत सिलिंडर बसला, आणि पुलाच्या चढावर गाडी निम्म्यात दमायला लागली. आत्या शिकणाऱ्याला उतरवून चालत वर जायला सांगायची. मग धान्यापासून काढलेलं स्पिरिट पेट्रोलमध्ये मिसळून झालं. सकाळी गाडी खोकायची, अडखळायची. "रात्रीची उतरलेली नाही अजून हिची," मेकॅनिक म्हणाला. शेवटी भाच्याने स्कूलच्या दोन्ही जुन्या गाड्या भंगारवाल्याला दिल्या आणि बॅटरीची गाडी आणली. पांढरी, गुळगुळीत, आवाज नसलेली. गिअर नाही. क्लच नाही.

मी तिच्यात बसले, पाय दाबला आणि गाडी चालली. नुसती चालली. मी चौकापर्यंत गेले.

"आत्या, मला येतंय," मी म्हणाले. माझा माझ्यावर विश्वास बसेना.

वळणाशी मी वेग कमी केला. त्याच क्षणी गाडी अशी थांबली की पट्टा माझ्या गळ्यात रुतला. मागच्या गाडीवाल्याने हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही.

"मी काय केलं?"

"तू नाही." आत्या खाली बघत होती. "ह्याने क्लच मारला."

तिच्या बाजूला आता एकच पेडल होता, ब्रेकचा. डावा पाय सवयीने निघाला आणि पूर्ण जोराने त्याच्यावर पडला.

"आत्या, क्लच नाहीये ह्यात."

"मला माहीत आहे. त्याला सांग."

त्याला सांगून उपयोग नव्हता. कोणी जरा हळू झालं की पाय दण्णकन पडायचा. शिकणाऱ्यांना वाटायचं आपलंच चुकतंय. एक बाई रडल्या. त्यात सरकारी नियम आला: बॅटरीच्या गाडीवर शिकवायचं तर शिकवणाऱ्यांनी नव्याने परीक्षा द्यायची. तारीखही लागली.

भाचा मनाने चांगला. त्याने फोनजवळची खुर्ची पुढे ओढली.

"आत्या, तू आता ऑफिसात बस. फोन घे. पंख्याखाली आरामात."

"पंख्याखाली फडफडायला मी काय कॅलेंडर आहे?"

"परीक्षेत असं झालं तर ते स्कूलचा परवाना अडवतील गं."

आत्याने खुर्चीकडे पाहिलं, मग आपल्या डाव्या पायाकडे.

मग आम्ही पायाच्या मागे लागलो. आधी तिने चप्पल काढून पाहिली. पाय अनवाणी पडला, एवढाच फरक. मग डाव्या पायाची मांडी घालून बसली. बाजारापर्यंत ठीक गेलं, उतरल्यावर पायाला इतक्या मुंग्या आल्या की तिला खांबाला धरून उभं राहावं लागलं. माझ्या स्कार्फने पाय सीटला बांधला. तो उपाय चालला, पण उतरताना ती विसरली, आणि अर्धी आत्या फुटपाथवर आणि अर्धी गाडीत अशी तिला मी सोडवली. फुटपाथवरून ती म्हणाली, "हे लिही कुठेतरी. शिक्षण वाया नको जायला."

एका संध्याकाळी मी तिच्या घरी गेले. एकच खोली. खिडकीशी खुर्ची, खाली रस्ता. ती शेंगा सोलत होती. रस्त्यावर कोणी हॉर्न वाजवला की तिचा डावा पाय फरशी दाबायचा आणि मग हळूहळू वर यायचा. तिला पत्ता नव्हता. त्या जागी फरशी जरा जास्त गुळगुळीत होती.

मी बोट दाखवलं. तिने पायाकडे पाहिलं. पुन्हा हॉर्न वाजला, पाय पुन्हा गेला.

"रिकामा आहे गं तो," ती म्हणाली. "रिकामं माणूस दुसऱ्याच्या कामात पाय घालतंच. तुझ्यासारखं."

"मग?"

"मग काय. त्याला त्याचं काम परत देऊ."

दुसऱ्या दिवशी आम्ही भंगारवाल्याकडे गेलो. तिची जुनी गाडी चाकांशिवाय एका कोपऱ्यात पडली होती. मेकॅनिकने आत डोकं घालून शिकवणाऱ्याच्या बाजूचा क्लचचा पेडल खोलला, स्प्रिंगसकट. आत्याने जाताना टपावर एक चापट मारली, बैलाला मारावी तशी. मेकॅनिकने तो पेडल एका जाड फळीवर बसवला. फळी अशी कापली की नव्या गाडीत पायाखाली घट्ट बसेल आणि पेडल जुन्या जागीच येईल. तो कशालाच जोडलेला नव्हता.

परीक्षेला आलेले साहेब हडकुळे होते आणि हसत नव्हते. शिकणारी म्हणून मी. दार उघडल्यावर त्यांनी आधी खालीच पाहिलं.

"हे काय?"

"क्लच," आत्या म्हणाली.

"ह्या गाडीला क्लच नसतो."

"गाडीला नाहीच आहे, साहेब. मला आहे."

"जोडलाय कशाला?"

"कशालाच नाही."

साहेबांनी वाकून फळी ओढली. हलली नाही. पुन्हा ओढली. मग ते मागे जाऊन बसले. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. आत्याचा चेहरा उतरला होता.

मी गाडी काढली. बाजार गेला, पूल गेला. शाळेच्या फाटकाशी एक चेंडू रस्त्यात आला आणि चेंडूमागे एक कुत्रा. माझे दोन्ही पाय जागच्या जागी थिजले. शेजारी खट्ट असा आवाज झाला. डावा पाय क्लचवर गेला होता, पार तळापर्यंत. उजवा पाय ब्रेकवर आला, शांतपणे. गाडी नीट थांबली. कुत्रा चेंडू तोंडात धरून आमच्याकडे बघत उभा राहिला.

"घाबरू नको," आत्या म्हणाली. "निघ आता."

मी निघाले. शेजारी तिचा पाय सावकाश वर येत होता, अगदी अर्ध्या क्लचने. गाडी तिच्या पायाबरोबरच सुटली असं मला वाटलं. खरं म्हणजे तसं काही नव्हतं.

ऑफिससमोर साहेबांनी कागदावर सही केली आणि तो भाच्याच्या हातात दिला. भाच्याने तो वाचून आत्याकडे पाहिलं आणि फोनजवळची खुर्ची पायाने मागे सारली.

साहेब गेले नाहीत. गाडीपाशी घुटमळत राहिले. "एक मिनिट," म्हणत ते आत्याच्या सीटवर बसले आणि डाव्या पायाने पेडल दाबला. मग हळूच सोडला.

"जरा घट्ट आहे," ते म्हणाले.

"पहिल्यापासून तसाच होता," आत्या म्हणाली.