तिचं नाव चौकात लागलं

ती गेल्याचा फोन सकाळी आला. दुपारी आम्ही तिच्या गावच्या स्टँडवर उतरलो, तेव्हा सरण अजून रचायचं होतं, पण समोरच्या चौकात फ्लेक्स लागला होता. वर तिचा फोटो, खाली वडिलांच्या नावासकट पूर्ण नाव आणि त्याखाली लाल अक्षरांत: 'अत्याचाराविरुद्ध लढून नराधमाला शिक्षा मिळवून देणारी आमच्या गावची वाघीण'. माझ्यासोबत एक मुलगी होती. तिची स्वतःची केस नगरच्या कोर्टात उभी होती आणि पुढच्या महिन्यात तिची साक्ष होती. तिने तो मजकूर वाचला, पुन्हा वाचला आणि ओढणी नाकापर्यंत ओढून घेतली. "ताई, हे कुणी लावलं?" तिने हळूच विचारलं. "तिच्या मामांनी," मी म्हटलं. आणि आम्ही तिच्या घराकडे चालू लागलो.

मी इथे तिचं नाव लिहिणार नाही. गावाचंही नाही, आणि फ्लेक्सवरचे शब्दही मुद्दाम थोडे फिरवले आहेत. पुरवणीच्या संपादकांनी फोटो मागितला होता, तोही दिला नाही. बलात्कार सोसलेल्या बाईची ओळख जाहीर करणं गुन्हा आहे, ती मेल्यानंतरसुद्धा, हे मला तिनेच शिकवलं. जिवलग मैत्रिणीवर लिहायचं आणि तिला एकदाही नावाने हाक मारायची नाही, हे फार जड जातंय... पण तिच्यासाठी एवढं करायलाच हवं.

सुप्याला एका कंपनीत आम्ही दोघी पॅकिंगला होतो. ती हसरी होती, भांडखोर होती आणि डब्यातली शेंगदाण्याची चटणी कुणालाही देत नसे, मलासुद्धा. सुपरवायझरने तिच्यावर जबरदस्ती केली, त्याच्या दुसऱ्या दिवशी ती पोलिसांत गेली. केस बंद दाराआड चालली. पेपरात 'पीडिता' एवढंच आलं. गावात आई आणि मामा सोडून कुणाला पत्ता नव्हता. वडील लवकर गेल्यावर मामांनीच तिला वाढवलं होतं. प्रत्येक तारखेला ते तिला मोटारसायकलवरून आणायचे आणि काम संपेपर्यंत कोर्टाबाहेर उन्हात बसून राहायचे. त्या माणसाबद्दल मला तेव्हा केवढा आदर होता, हे आठवलं तरी आज राग येतो.

त्या सुपरवायझरला शिक्षा लागली, आणि पुढच्याच ग्रामसभेला मामांनी 'बायकांच्या सह्या पाहिजेत' म्हणून तिला शाळेच्या मैदानावर नेलं. आमच्या भागात कुणी काही मिळवलं की सत्कार करतात. पोरगा फौजदार झाला, सत्कार. पोरगी बारावीला पहिली आली, सत्कार. शर्यतीत बैल पहिला आला तरी त्याच्या मालकाला फेटा बांधतात. केस जिंकणं मामांना त्यातलंच वाटलं. त्यांनी माईकवर तिचं नाव घेतलं, तिच्यावर काय गुदरलं ते सांगितलं, शाल घातली, नारळ दिला आणि गावाने टाळ्या वाजवल्या. न्यायाधीशांनी, वकिलांनी, पेपरवाल्यांनी जे इतकी वर्षं जपलं, ते घरच्या माणसाने पाच मिनिटांत उधळून टाकलं.

"मला वाटलं, आत्ताच जमिनीत जावं," ती मला नंतर म्हणाली. "आन मामा लई खूश हुता गं. डोळ्याला पदर लावल्यागत उपरणं लावत हुता."

तिचं जमत आलेलं लग्न मोडलं. ती किराणा दुकानात शिरली की बायका बोलायच्या थांबत. वकीलबाई म्हणाल्या, मामांविरुद्ध तक्रार देता येते. ती म्हणाली, "वाढवलंय त्यानं मला. त्याला आत कशी टाकू?" तिने तक्रार दिली नाही, पण मामांशी पुन्हा एक शब्दही बोलली नाही. नगरला खोली घेऊन तिने शिवणकाम सुरू केलं. मग कुणाकुणाच्या ओळखीने असंच सोसलेल्या बायका तिच्याकडे येऊ लागल्या. ती सांगायची, जबाब बाई अधिकाऱ्यालाच द्यायचा, तोही घरी घ्यायला लावता येतो. फिर्यादीची नक्कल फुकट मिळते, हक्काने मागायची. आणि सगळ्यात आधी म्हणायची, "तुमचं नाव बाहेर जाणार न्हाई. माझ्याकडून तर न्हाईच." फ्लेक्सखाली माझ्यासोबत उभी होती त्या मुलीला, हे ऐकूनच साक्ष द्यायचं बळ आलं होतं.

कावीळ झाली म्हणून ती आईकडे विश्रांतीला गेली, ती परत आलीच नाही.

अंत्यविधी झाल्यावर मी मामांना गाठलं. म्हटलं, "मामा, तो फ्लेक्स आत्ता काढा."

"का वो?" ते खरोखर गोंधळले होते. "चांगलंच लिवलंय की. वाघीन म्हनलंय."

"तिला चाललं असतं का?"

"आता मेल्यावर कसली झाकाझाकी? आमाला अभिमान हाय तिचा."

ती जिवंत असताना तिला न विचारता सत्कार केला, आणि मेल्यावर न विचारता पुन्हा तेच. तिने त्यांना माफ केलं होतं की नाही, मला माहीत नाही. मी केलेलं नाही. फ्लेक्स दहाव्यापर्यंत तसाच होता. नंतर तो कुणाच्या तरी कडब्यावर झाकण म्हणून गेला. मी पोलिसांत तक्रार दिली आहे. तिची आई त्यामुळे माझा फोन घेत नाही.

साक्षीच्या आदल्या संध्याकाळी त्या मुलीचा फोन आला. "ताई, मी न्हाई येत."

"अगं, कोर्टात तुझं नाव कुणी घेणार नाही..."

"कोर्टाचं न्हाई वो," ती म्हणाली. "मला चुलते हायेत."

दुसऱ्या दिवशी तरीही मी गेले. कोर्टाच्या व्हरांड्यात भिंतीकडेला एक बाक आहे. माझी मैत्रीण साक्षीला आलेल्या बाईला भिंतीकडे बसवायची आणि स्वतः बाहेरच्या बाजूला बसायची, आरोपीच्या माणसांना बाईचा चेहरा दिसू नये म्हणून. मी तिच्या जागी बसले. भिंतीकडची जागा रिकामी होती. आरोपी शर्टाच्या बाह्या सरळ करत माझ्यासमोरून आत गेला. मग शिपायाने बाहेर येऊन साक्षीदाराचा पुकारा केला, केसचा नंबर सांगून, नाव न घेता, अगदी कायद्यात आहे तसा. कुणीच उठलं नाही.