वरबोटी आत्या

आत्याच्या उजव्या हाताची तर्जनी कायम आभाळाकडे. मासळी निवडताना, पदर खोचताना, भांडताना, आरतीत टाळ्या वाजवतानासुद्धा ते बोट वर. सगळं दिवाळे गाव तिला वरबोटी म्हणे. बाजारात नवखं गिऱ्हाईक समजे, बाई एकच भाव सांगतेय. घासाघीस न करता पापलेट उचले. आत्या मला डोळा मारी.

खरं कारण वेगळं होतं. त्या बोटाला बर्फ लागला की कळ थेट खांद्यात जाई. नखाखाली निळसर ठिपका होता. कोळीवाड्याचं निदान ठरलेलं: शिंगाळ्याचा काटा आत मोडलाय. त्या माशाचा काटा किती झोंबतो ते सगळ्यांनाच ठाऊक. त्यामुळे जो येई तो सुई घेऊन काटा शोधायला बसे. आत्या किंचाळे, "मेल्या, काटा काढतंस का जीव?"

मग मी मुंबईला कॉलेजात गेलो. आमच्या घरातला पहिलाच, हे मी आजही छाती काढून सांगतो. आत्याला म्हटलं, "चल मोठ्या इस्पितळात." ती घाबरली.

"बोट कापतील रं बाला. मंग मच्छी कोन कापील, तुजी बुकं?"

शेवटी होडीत बसली, पण बोट पदरात गुंडाळून.

डॉक्टरांनी पेन्सिलीच्या टोकानं ठिपका दाबला. आत्यानं त्यांच्या सात पिढ्या उद्धरल्या. ते हसले. म्हणाले, "काटा नाही, बाई. रक्तवाहिन्यांची बारीकशी गाठ आहे. क्वचित होते, पण घातक नाही. काढली की संपलं."

"बोट ऱ्हाईल?"

"राहील."

"नाय ऱ्हायला त तुजा घेईन हां!"

गाठ निघाली. तांदळाच्या दाण्याएवढी, लाल. जखम भरल्यावर आत्यानं अख्ख्या आळीसमोर ते बोट बर्फाच्या पेटीत खुपसलं. आम्ही श्वास रोखून उभे.

"गार हाय," ती म्हणाली. "नुसता गार हाय!" आणि हसता हसता रडली.

पण बोट खाली आलं तशी गिऱ्हाइकं घासाघीस करू लागली. आत्यानं आठवडाभर सोसलं. मग बोट पुन्हा वर!

आता आत्या नाही. मी बी. ए. झालो तेव्हा तिच्यासोबत काढलेला फोटो भिंतीवर आहे. तिथंही तिचं बोट वर. फोटोवाला म्हणाला होता, "मावशी, बोट खाली घ्या."

"ऱ्हाऊ दे तसाच," आत्या म्हणाली. "घरातला पयला हाय."