कांद्यावरचं कुंकू

रणपिसे बाईंनी शाळेचं कपाट फोडलं, आतली दुर्बीण काढली आणि दौंडच्या भंगारवाल्याला विकून टाकली, ही बातमी आमच्या वाडीत शनिवारी दुपारी जन्मली. संध्याकाळपर्यंत ती जीपला लोंबकळत तळेगाव ढमढेऱ्याला गेली आणि स्टँडवर चहा पिऊन परतसुद्धा आली. परत आली ती चांगलं बाळसं धरूनच. बाईंच्या मदतीला म्हणे दौंडहून चार दांडगे आले होते आणि त्यांनी शिपाई बन्सीला खांबाला बांधून घातलं होतं. हे ऐकून खुद्द बन्सीनं आपली मनगटं उलटीसुलटी करून पाहिली.

खरं काय ते सांगून टाकलेलं बरं, नाहीतर उद्या त्या दांडग्यांची नावंही कळायची. दुर्बीण नव्हतीच, सूक्ष्मदर्शी होता. तो विकला नाही, खिडकीपाशी टेबलावर मांडला. दांडगे चार नव्हते, एकच होती, आणि तीही पदर कमरेला खोचलेली, पेरूच्या फांदीएवढी बारीक गौतमी रणपिसे. आणि कुलूप? कुलपाला तिनं बोटसुद्धा लावलं नाही.

गौतमीचे वडील बबनराव दौंडच्या इंजिन शेडमध्ये फिटर. रेल्वे कॉलनीतल्या त्या घरात पोरीच्या हातात बाहुलीच्या आधी पाना आला. कुलूप दिसलं की आपण किल्ली शोधतो. बबनरावांची लेक बिजागऱ्या शोधते. शाळेच्या त्या लाकडी कपाटाला वाडीच्या सुतारानं बिजागऱ्या बाहेरच्या अंगानं मारल्या होत्या. इतक्या वर्षांत ते कोणाच्या ध्यानातही आलं नव्हतं, कारण किल्लीवाचून कपाट उघडायची वेळच कोणावर आली नव्हती. गौतमीनं स्क्रू काढले, दोन्ही दारं कुलपासकट उचलली आणि भिंतीला टेकवून ठेवली. कुलूप आपलं लटकत होतं, इमानानं नोकरी करत.

आता एवढी शिकलीसवरलेली बाई स्क्रू-ड्रायव्हर घेऊन शाळेच्या कपाटावर का चालून गेली, ते सांगायला थोडं मागं जायला हवं.

ती वाडीत आली २००१ च्या जूनमध्ये, शिक्षण सेवक म्हणून. तीन वर्षं मानधनावर काढायची, मुख्याध्यापकांचा शेरा चांगला पडला आणि संस्थेनं मान डोलावली की मग कायम. सारजाबाईंच्या मागच्या खोलीत ती भाड्यानं राहायला लागली. तिला विज्ञान आणि गणित मिळालं. मुख्याध्यापक ढोलेसर स्वतःही विज्ञानाचेच. त्यांची शिकवण्याची तऱ्हा एका शब्दावर उभी होती, 'समजा'. खडू वर धरायचे आणि म्हणायचे, "समजा, ही परीक्षानळी." डस्टर उचलायचे, "समजा, हा चुंबक. समजा, इथं लोखंडाचा कीस आहे. चुंबक जवळ नेला. काय झालं?"

"चिकटला, सर!" सगळा वर्ग गर्जायचा.

व्हरांड्यातून जाताना गौतमीच्या कपाळाची शीर ताडताड उडायची. डस्टरला कीस चिकटल्याचं पोरांनी छातीठोक सांगावं आणि सरांनी शाबासकी द्यावी! ह्याला विज्ञान म्हणायचं तर भूतबाधा उतरवणाऱ्याला डॉक्टर म्हणायला काय हरकत होती?

तिनं आपल्या परीनं उद्योग सुरू केले. सायकलचा डायनामो आणला, लिंबू आणि पत्र्याचे तुकडे आणले, वाफेचा दाब शिकवायला सारजाबाईंचा कुकर शाळेत नेला. सारजाबाई ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, "माजा कुकर नववीत बसलाय, आन् मी हितं पातेल्यात भात शिजवतीय!"

पण कुकरमध्ये पेशी दिसत नाही. पेशी बघायला सूक्ष्मदर्शी लागतो. तो होता कपाटात, आणि कपाटाची किल्ली होती ढोलेसरांच्या करगोट्याला.

पेशीसाठी शाळेत आधीपासूनच वेगळी सोय होती. प्रयोगशाळेच्या भिंतीवर हातभर उंचीचं एक रंगीत चित्र होतं, कांद्याच्या पापुद्र्याचं. विटांच्या बांधकामासारख्या पेशी, आणि मधूनमधून लालभडक ठिपके. नववीची प्रात्यक्षिक परीक्षा म्हणजे भिंतीकडं तोंड करून ते चित्र कागदावर उतरवायचं. ठिपके लाल पेन्सिलीनं. ठिपके कमी, तर मार्क कमी.

गौतमीच्या तिसऱ्या वर्षी, दिवाळीनंतर, सीमा नावाची पोर वर्गात उठून उभी राहिली.

"बाई, आमच्याकडं कांद्याची चाळ हाय. म्या उभ्या जल्मात कांद्यात असलं लाल दानं बघितलं न्हाईत. हे कशाचं हायत?"

"मला माहीत नाही," गौतमी म्हणाली. "शोधू या."

शिक्षकानं वर्गात 'मला माहीत नाही' म्हणायचं, हा वाडीतला पहिलाच प्रकार. त्याचीही बातमी झालीच.

ज्यानं चित्र काढलं, तो म्हाळू पेंटर तिला तळेगावच्या बाजारात सापडला. खताच्या दुकानाची पाटी रंगवत शिडीवर बसला होता.

"व्हय, म्याच काढलंय," तो वरूनच म्हणाला. "आदीच्या गुरुजींनी यंत्र खिडकीशी ठिवलं, म्हनले, ह्यात दिसंल तसं उतरव. येक डोळा झाकून बगितलं. विटांची भिंत, आन् मदी लाल-लाल. जसं दिसलं तसं काढलं, बाई. माज्या मनाचा येक ठिपका न्हाई त्यात."

"दिवस कुठले होते, आठवतंय?"

"दसऱ्याच्या मागनं. यंत्राला झेंडूचा हार हुता की! त्यो बाजूला करूनच बगितलं."

गौतमी तिथंच मेथीच्या ढिगापाशी थबकली. खंडेनवमीला शाळेत पूजा होते, हे तिनं ऐकलं होतं, पण पाहिली कधीच नव्हती. त्या दिवसांत ती बबनरावांबरोबर दौंडहून दीक्षाभूमीला जाणाऱ्या गाडीत असे. आता एकेक लक्षात यायला लागलं. सरांचं कपाट वर्षातून एकदाच उघडत होतं, ते पूजेला. सूक्ष्मदर्शी, तराजू, चुंबक, सगळ्यांना हळदकुंकू, फुलं, नारळ, आणि पुन्हा कुलूप. कांद्याचा पापुद्रा ज्या काचेवर ठेवला, ती काच कुंकवातून उठून आलेली होती. म्हाळू पेंटर बिचारा खरंच बोलत होता. त्या यंत्रातून जे दिसलं ते प्रामाणिकपणे काढणारा तो एकटाच. त्याच्यामागनं आलेल्या एकानंही यंत्राला डोळा लावला नव्हता, आणि पोरांच्या पिढ्या कांद्यात कुंकू भरत बसल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी ती ढोलेसरांपुढं उभी राहिली. "सर, किल्ली हवी."

"ती पूजेतली वस्तू आहे, बाई."

"पूजा एक दिवस, सर. बाकीचं वर्ष?"

"बाकीचं वर्ष ती सुरक्षित असते. पोरांच्या हातात दिली की फुटली." मग आवाज खाली आणून म्हणाले, "तुमचं तिसरं वर्ष आहे. जूनला संस्थेच्या आप्पांची सही होईल, कायम व्हाल. तोवर जरा दमानं घ्या की."

तिनं दमानं घेतलं. जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला. तिनं तीनदा किल्ली मागितली, तीनदा सर हसले. तिसऱ्यांदा हसले तेव्हा ती शनिवारच्या सकाळच्या शाळेला पिशवीतून बापाचा स्क्रू-ड्रायव्हर घेऊन गेली.

दारं निघाली तेव्हा आतून झेंडूचा कुबट वास आला. तराजूची पारडी तांदूळ चिकटून गंजली होती. चुंबकाला कुंकवाचा गिलावा. सूक्ष्मदर्शीच्या भिंगावर हळदीचं बोट. यंत्राची अशी दशा बघून दुसरी कोणी रडली असती. पण बबनरावांच्या घरी यंत्राची हेळसांड दिसली की रडत नसत, शिव्या देत. शेडमधल्या कुठल्या शिव्या गौतमीनं त्या कपाटाला दिल्या, ते बन्सीनं ऐकलंय, पण इथं लिहिता येत नाही.

मग तिनं वर्गाला बोलावलं. स्पिरिटनं भिंग पुसलं. काचेची पट्टी मात्र पुसली नाही. सीमानं डब्यातला कांदा फोडला, पापुद्रा सोलून त्या कळकट पट्टीवर ठेवला.

"हायत की, बाई!" पहिला पोरगा ओरडला. "लाल ठिपकं हायत!"

"बरं. आता नवी पट्टी घ्या, राखेनं घासून धुवा आणि त्याच कांद्याचा पापुद्रा ठेवा."

पोरं ओळीनं वाकली. पहिला पोरगा ह्या वेळी ओरडला नाही. दुसऱ्यानं यंत्र हलवून पाहिलं. सीमानं किती तरी वेळ डोळा काढलाच नाही. काढला तेव्हा तिचं तोंड तांबडंलाल झालं होतं.

"बाई, म्हंजी आमच्या दादानं बी कुंकूच काढलं हुतं?"

वर्ग खदखदून हसला. गौतमी हसली नाही. तिला त्या भिंतीवर दगड मारावासा वाटत होता.

परीक्षा आली. ढोलेसर स्वतः घ्यायला बसले. आदल्या दिवशी पोरांनी विचारलं, काय काढायचं? ती म्हणाली, "पाहिलंत ते." भिंतीवर चित्र असूनही कोणी वर पाहिलं नाही. एकाही कागदावर ठिपका नव्हता. सरांनी एकजात सगळ्यांना प्रात्यक्षिकात नापास केलं, आणि मग ज्यांनी आजवर शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं, ते पालकही फाटकात येऊन उभे राहिले.

संस्थेचे अध्यक्ष सर्जेरावआप्पा गाडी काढून आले. ऑफिसात खुर्चीवर आप्पा, शेजारी ढोलेसर, खिडकीला पालक. सरांनी आधी भंगारवाल्याची बातमीच वाचून दाखवावी तशी सांगितली. गौतमीनं सूक्ष्मदर्शी आणून आप्पांच्या पुढ्यात ठेवला, शेजारी ताजा पापुद्रा.

"आप्पा, एकदा डोळा लावून बघा. मग काय ते बोला."

"मला चष्मा हाय, बाई. ह्यात काय दिसतंय मला." आप्पांनी यंत्र अदबीनं बाजूला सारलं, जाता जाता त्याला नमस्कारही केला. "हे बघा. वाद न्हाई पायजे. पोरांना वर्गात सांगा, भित्तीवरचं बरोबर हाय. ठिपकं काढून कागद परत द्या. सर मार्क देतील, मी आत्ताच तुमच्या कायम व्हायच्या कागदावर सही करतो. न्हाईतर जूनला जागा दुसऱ्याला द्यावी लागंल."

आप्पांवर चिडणं सोपं होतं, सरांवर तर त्याहून. पण खिडकीतून सीमाची आई धुरपदा बोलली, "बाई, काढू द्या की दोन ठिपकं. पोरगी नापास झाली तर तिचा बाप साळंतनं काढंल तिला." त्या बाईवर कसं चिडायचं? ती खिडकीशी गेली आणि म्हणाली, "ताई, सगळा वर्ग नापास करायचा तर सरांना वर जाब द्यावा लागेल. ते करायचे नाहीत. सीमाला घरी बसवू नका. त्या वर्गात पहिला प्रश्न तिनं विचारलाय."

आणि तसंच झालं. पोरं गुपचूप दहावीत गेली. जूनमध्ये गौतमी मात्र वाडीत नव्हती; ती दौंडला क्लासमध्ये शिकवते, मानधनावरच. सारजाबाईंचा कुकर परत घरी भात शिजवतो आणि त्या उगाचच त्याच्यावर खेकसतात. भिंतीवरचे ठिपके कोणी तरी चुन्यानं पुसलेत. कोणी, ते कोणी विचारत नाही. सीमाच्या नखांत त्या आठवड्यात चुना होता एवढंच.

ढोलेसर अजून खुर्चीत आहेत, करगोट्याला किल्ली आहे. कपाटाला आता आतून बिजागऱ्या मारल्यात. इतक्या वर्षांत प्रयोगशाळेवर झालेला तेवढा एकच खर्च.

त्या दिवशी ऑफिसात शेवटी काय झालं, ते बन्सीनं दाराआडून ऐकलं. आमच्या वाडीत फिरून फिरून न फुगलेली ती एकच बातमी; जो तो ती शब्द न बदलता सांगतो. आप्पांनी पेनचं टोपण काढलं होतं. ढोलेसर खुर्चीत मागं रेलून म्हणाले, "चार ठिपके काढले असते तर तुमचं काय जात होतं, बाई? का तुमच्या लोकांना कुंकवाचंच वावडं आहे?"

रणपिसे बाई म्हणाल्या, "वावडं नाही, सर. सारजाबाईंच्या कपाळावर रोज बघते, शोभतं त्यांना. कांद्याला कपाळ नसतं. सही राहू द्या, मला जायला दौंडची गाडी आहे. तुमच्या पोरांना मात्र ह्याच शाळेत यायचंय."