गादीवाल्या मावशी समुद्राला निघतात

गादीवाल्या मावशी शिंकल्या की गल्लीला कळायचं, दुकानात नवा कापूस आला. खाली दुकान, वर घर. खाली पिंजायचं मशीन घरघरायला लागलं की वर दुधावर सायीच्या आधी कापूस धरायचा. मावशींच्या केसांत कापूस, भुवयांवर कापूस. नवी सून म्हणून या घरात आल्या तेव्हा पहिल्याच आठवड्यात सासूबाई शेजारणीला म्हणाल्या होत्या, "आमची सून दिसायला चांगली आहे. झटकून घेतली की दिसते."

त्या खोळी शिवायच्या, नवरा कापूस भरून टाके घालायचा. नवऱ्याला गल्लीतले सगळे काका म्हणत. काकांचा हात बोलायचा, मावशींचं तोंड. गिऱ्हाईक आलं की मावशी विचारणार, "कुठल्या कुशीवर झोपता?" आणि या एका प्रश्नावरून बायका अशा मोकळ्या व्हायच्या की विचारू नका. एकदा एक बाई तणतणत आली. डबल गादी मधोमध कापून दोन करून द्या म्हणाली. मावशींनी तिला बसवलं, चहा पाजला, नवरा किती घोरतो याची नक्कल करून घेतली आणि तिला हसवून हसवून जाडजूड उशीची ऑर्डर घेऊन घरी पाठवलं. गादी शाबूत, संसारही शाबूत.

सगळं छान होतं. फक्त एक अडचण होती. काकांना दुसऱ्याच्या गादीवर झोप यायची नाही. झोप तर राहू द्या, त्यांचं मनच थाऱ्यावर राहायचं नाही. लेकीचं लग्न झाल्यावर तिच्या घरी पहिल्यांदा राहायला गेले, तर सकाळी जावईबापू दात घासत घासत खोलीत आले आणि ब्रश तोंडात तसाच धरून उभे राहिले. त्यांची गादी उसवून पडली होती, खोलीभर कापूस, आणि मधोमध सासरेबुवा मांडी घालून म्हणत होते, "हे बघा, हे भरलंय याने! याला गादी म्हणतात?" त्यानंतर लेक फोनवर म्हणायची, "आई, तुम्ही या ना. पण बाबांची दाभण घरी ठेवून या." आणि मग जाणं राहूनच जायचं. ती एक रात्र सोडली तर एवढ्या वर्षांत दोघांनी मिळून मुक्कामाचं असं गाव पाहिलंच नव्हतं.

तर एक दिवस दुपारी दवाखान्यातली सिस्टर आली. बाळंतिणींच्या वॉर्डासाठी छोट्या गाद्या न्यायच्या होत्या. मावशी शेवटच्या खोळीला नाडी ओवत होत्या, म्हणून सिस्टर बसली आणि सुट्टीतले फोटो दाखवायला लागली. समुद्रकाठचं एक लहानसं हॉटेल. सहाच खोल्या, निळे दरवाजे, मागे नारळाची झाडं. एक फोटो पलंगावरूनच काढलेला होता. पलंगाची कड, उघडा दरवाजा, दोन पायऱ्या आणि लगेच पाणी.

मावशींच्या हातातली नाडी अर्धी आत, अर्धी बाहेर राहिली.

"हे खोटं असणार," त्या म्हणाल्या. "एवढा जवळ समुद्र कसा असेल? ओलं होत नाही का सगळं?"

"अहो मावशी, मी झोपलेय तिथे! उशीवर डोकं ठेवून लाटा बघितल्यात."

"डोकं न उचलता?"

"डोकं न उचलता."

झालं. मावशींच्या डोक्यात समुद्र शिरला तो शिरलाच. सिस्टरकडून हॉटेलचा नंबर घेतला आणि तशाच मागच्या बाजूला गेल्या. तिथे काका मशीनवर होते. घरघराट असा की कानात बोललं तरी ऐकू जाऊ नये.

"अहो, मला समुद्राला जायचंय!"

"काय?"

"समुद्र! समुद्र!"

"कुठला समद्या? कधी आलाय?"

मावशींनी छाती भरून श्वास घेतला. आणि नेमकं त्याच क्षणी, बायको काय म्हणतेय ते ऐकावं म्हणून काकांनी मशीन बंद केलं.

"मला समुद्राशेजारी झोपायचंय!"

गल्ली चिडीचूप झाली. समोरच्या न्हाव्याचा वस्तरा गिऱ्हाइकाच्या अर्ध्या गालावर थांबला. चपला शिवणारा मान वर करून बघायला लागला. वरच्या मजल्यावरच्या खिडकीतून कुणीतरी विचारलं, "अगंबाई, कधी निघताय?"

मावशी लाजल्या, पण क्षणभरच. "ठरतंय!" असं वर बघून ठणकावलं आणि स्वतःच्याच धिटाईचं इतकं हसू आलं की कापसाच्या ढिगावर बसून त्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

अशा रीतीने काकांनी हो म्हणायच्या आधीच सगळ्या गल्लीने हो म्हटलं. न्हावी रोज विचारायचा, "काका, पोहायला येतं का?" चपलावाला म्हणाला, वाळूत चामडं घालू नका, रबरी घ्या. ज्याने उभ्या जन्मात तळंही पाहिलं नव्हतं तोही लाटेत उभं कसं राहायचं ते शिकवून गेला. बाजारात तुरी आणि ही सगळी मंडळी वरण घोटायला तयार!

काकांचं घोडं मात्र एकाच जागी अडलं होतं. "तिथे गादी कसली आहे?"

"विचारा की," मावशींनी फोन लावून त्यांच्या हातात दिला आणि कान शेजारी आणून ठेवला.

पलीकडे हॉटेलवाली बाई होती. आवाज मोठा, मागे वारा.

"हॅलो, तुमच्याकडे गादी कशी आहे?" काकांनी सुरुवात केली.

"आहे की. पलंगावर आहे."

"तसं नव्हे. आत काय भरलंय?"

"आत?" बाई विचारात पडली. मग तोंड फिरवून ओरडली, "अहो, गादीत काय भरलंय हो आपल्या?" लांबून पुरुषी आवाज आला, "माझ्या मते काथ्या! पण खालच्या दोन खोल्यांतलं तुझ्या सासऱ्यांनाच ठाऊक!"

"सासऱ्यांना विचारा मग," काका म्हणाले.

"ते वारले हो."

काकांनी डोळे मिटले. मावशींनी ओढणीचा बोळा तोंडात कोंबला.

"बाई, पाठ धरते का लोकांची?" काकांनी हळूच विचारलं, जसं एखाद्याच्या दुखण्याची चौकशी करावी.

"धरते ना!" बाई एकदम मोकळी झाली. "सगळे म्हणतात. सकाळी उठून धनुष्यासारखे चालतात. पण दहा वाजेपर्यंत समुद्रात जातात आणि सरळ होऊन येतात."

इकडे मावशींनी तयारी आरंभली होती. समुद्रात जायचं तर अंगात काय घालायचं? बाजारात जाऊन पाहिलं, तर तिथे टांगलेले पोहण्याचे कपडे चिमटीत धरून त्या दुकानदाराला म्हणाल्या, "हे उरलेल्या कापडातून शिवलंय का?" शेवटी घरी येऊन स्वतःच शिवायला बसल्या. कापड कुठलं, तर गादीपाट. पांढऱ्यावर निळे पट्टे, घट्ट विणीचं, पाण्याला भीक न घालणारं. गुडघ्याखाली येणारी विजार आणि वर ढगळ झगा. घालून पाहिला आणि काकांसमोर जाऊन गिरकी घेतली.

काकांनी चष्मा वर केला, खाली केला. "अगं, तू तर आपली सिंगल गादीच दिसतेस."

"मग घाला टाके!" मावशी म्हणाल्या, आणि दोघं असे हसत सुटले की खाली गिऱ्हाईक येऊन हाका मारून निघून गेलं.

तारीख ठरली, बसची तिकिटं आली. आणि मग एका सकाळी हॉटेलवाल्या बाईचा फोन आला. काकांचं बोलणं म्हणे तिच्या मनाला लागून राहिलं होतं, आणि काका गादीवाले आहेत हे तिला सिस्टरकडून कळलं होतं. सहाही खोल्यांच्या गाद्या नव्याने भरून द्याल का? कापूस ती मागवेल. इथेच राहा, इथेच जेवा, राहण्याचे पैसे नकोत, वर मजुरी देईन.

काकांना आभाळ ठेंगणं झालं. फोन ठेवून ते दुकानभर येरझाऱ्या घालायला लागले. "सहा डबल! काथ्या सगळा बाहेर काढायचा, उन्हात टाकायचा. तू खोळी बेतशील, मी भरेन. अगं, समुद्राच्या वाऱ्यावर कापूस काय फुलेल! लाटा बघत बघत टाके घालू!"

मावशी काही बोलल्या नाहीत.

ही गोष्ट इतकी अजब होती की काकांच्या लगेच ध्यानात आली. मावशी गप्प बसून जेवल्या. दुपारी न्हाव्याने "मावशी, टोपी घेतली का?" असं विचारलं, तर नुसती मान हलवली. न्हावी रस्ता ओलांडून काकांकडे आला आणि कुजबुजला, "तब्येत बरी आहे ना त्यांची?"

संध्याकाळी काका वर गेले. मावशी तो पट्ट्यापट्ट्यांचा झगा घडी घालून पेटीत ठेवत होत्या.

"काय झालं?"

"काही नाही."

"अगं, फुकटात चाललोय आपण!"

"म्हणून तर." मावशी पेटीच्या झाकणावर बसल्या. "अहो, मी या घरात आले तेव्हापासून लोकांना विचारतेय, तुम्हाला कसं झोपायला आवडतं, मऊ की कडक, उशी केवढी हवी. मला कुणी विचारलं नाही, आणि त्याचं मला दुःखही नव्हतं. पण तो फोटो पाहिला तेव्हा वाटलं, एकदा आपण गिऱ्हाईक व्हावं. कुणीतरी दार उघडून म्हणावं, या. तिथे जाऊन मी पुन्हा खोळीच शिवायच्या असतील तर मग समुद्र कशाला? नळ सोडून ठेवा, आवाज सारखाच येतो."

 काकांनी हात पुढे करून मावशींच्या केसांतला कापूस काढला, तो चिमटीत चोळला, आणि खाली निघून गेले. मावशींना वाटलं, रागावले.

खालून आवाज आला. काका फोनवर बोलत होते आणि लांबचा फोन म्हणून अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलत होते. "बाई, गादीचं जमायचं नाही! हो, हो, येणार आहोत! गिऱ्हाईक म्हणून येणार! पैसे देऊन! माझ्या बायकोला पलंगावरून समुद्र दिसला पाहिजे, डोकं न उचलता! काय? गादी तीच? असू द्या!" मग जरा थांबून, खोल आवाजात, "असू द्या म्हटलं ना."

समोरून न्हाव्याने टाळ्या वाजवल्या. मावशी जिन्यावरून अशा धावत उतरल्या की शेवटच्या दोन पायऱ्या त्यांनी घेतल्याच नाहीत, पायऱ्यांनीच त्यांना घेतलं. ढुंगणावर आपटल्या त्या थेट नव्या भरलेल्या गादीवर, आणि तिथेच लोळत हसत राहिल्या.

निघायच्या दिवशी त्यांनी काकांची पिशवी तपासली. मोज्यात दाभण सापडली. ती त्यांनी काढून घेतली. मग काकांचा चेहरा जरा जास्तच निरागस वाटला, म्हणून साबणाची डबी उघडली. तिथे दुसरी.

"अहो!"

"सवय गं. किल्लीसारखी वाटते जवळ असली की."

दोन्ही दाभणी न्हाव्याकडे ठेवायला दिल्या आणि बस पकडली.

बसमध्ये मावशी खिडकीशी बसल्या आणि प्रत्येक वळणाला विचारत राहिल्या, "आला का?" शेजारचे प्रवासीही मग उत्साहाने बाहेर डोकावायला लागले. कधी तळं दिसलं, कधी धुकं, कधी एका कारखान्याचं निळं छप्पर. प्रत्येक वेळी अर्ध्या बसचा जीव वर-खाली व्हायचा. आणि जेव्हा खरोखरच तो आला, तेव्हा मावशींनी काकांच्या मांडीवर अशी चापट मारली की ते झोपेतून उठून म्हणाले, "कुणाची ऑर्डर?"

हॉटेलवाली बाई फाटकाशी उभी होती. ठेंगणी, गोल, ओले हात पुसत. "या," ती म्हणाली. नुसतं "या". मावशींना तेवढ्यानेच भरून आलं.

खोलीला निळं दार होतं. आत पलंग, एक खुर्ची, भिंतीवर डाग पडलेला आरसा. मावशी चपला काढून सरळ पलंगावर आडव्या झाल्या आणि उशीवर डोकं टेकवलं. दारातून दोन पायऱ्या दिसल्या, आणि मग पाणी, हलणारं, चमकणारं, थेट आभाळापर्यंत.

"अहो, या ना. डोकं न उचलता!"

काका आले. पलंगाच्या कडेवर बसले. बसताना गादीतून कर्रर्र असा आवाज आला. ते हळूहळू आडवे झाले. पाठीखाली एक उंचवटा, कमरेखाली खड्डा, आणि पायाशी काय होतं ते हॉटेलवाल्या बाईच्या सासऱ्यांनाच ठाऊक. मावशी कुशीवर वळून त्यांचा चेहरा बघत होत्या. भुवया वर गेल्या, नाक आखडलं, ओठ एकदा उघडले, मिटले.

"कशी आहे?" मावशींनी विचारलं.

 "समुद्र छान आहे," काका म्हणाले.

मावशी हसायला लागल्या. काकाही हसायला लागले, आणि ते हसले की गादी कर्रर्र वाजे, ती वाजली की मावशींना आणखी हसू फुटे. शेवटी पोट धरून दोघं उठले आणि कपडे बदलून पाण्याकडे निघाले. मावशी पट्ट्यांच्या झग्यात, काका बनियन आणि अर्ध्या चड्डीत.

पाणी कोमट होतं. मावशींना हे कुणीच सांगितलं नव्हतं. त्या घोट्यापर्यंत गेल्या, गुडघ्यापर्यंत गेल्या, आणि मग एका मध्यम लाटेने, फारशा मोठ्या नव्हे, त्यांना अलगद उचलून खाली बसवलं. काका वाचवायला धावले, तर पुढच्या लाटेने त्यांनाही शेजारी आणून बसवलं. नाकातोंडात खारट पाणी. दोघं एकमेकांना धरून खोकत, ओरडत, हसत बसले.

पायऱ्यांवर हॉटेलवाली बाई येऊन उभी राहिली. तोंडाभोवती हात धरून तिने हाक दिली, "मावशी! जेवायला काय करू?"

मावशी क्षणभर गोंधळल्या. संसार मांडल्यापासून हा प्रश्न त्यांनीच रोज दुसऱ्यांना विचारला होता. त्यांनी काकांकडे पाहिलं, काकांनी खांदे उडवले.

"तुम्हाला सुचेल ते!" मावशी ओरडल्या, आणि पुढची लाट येतेय हे पाहून दोन्ही हात वर करून तिच्या वाटेत नीट सावरून बसल्या.