बेबीबाईंची जीभ आणि गल्लीची बिबडी

करोनाच्या दुसऱ्या लाटेच्या वैशाखात रनाळ्याच्या बेबीबाईंना घराच्या वरच्या खोलीत चौदा दिवस एकटे राहण्याचा हुकूम झाला. दारावर तांबडा कागद चिकटला. रोज अकरा वाजता फोनवर एक आवाज ताप, नाडी आणि ऑक्सिजन विचारी, आकडे लिहून घेई आणि ‘मन प्रसन्न ठेवा’ असे बजावून मोकळा होई. प्रसन्न ठेवायचे ते कशाने, हे सांगण्याची तसदी कोणी घेतली नाही. त्यांच्या तक्त्यात तसा रकानाच नसावा.

ताप तिसऱ्या दिवशी उतरला, पण जाताना चव घेऊन गेला. भाकरी, ठेचा, लसणाची कच्ची पाकळी, सारे भिजल्या कागदासारखे लागू लागले. बेबीबाईंनी हे कोणालाही कळू दिले नाही, आणि त्याला कारण होते. वैशाखात साऱ्या गल्लीची बिबडी होत. आंबवलेल्या ज्वारीचा घाटा शिजवायचा, ओल्या धोतरावर थापायचा आणि खाटेवर वाळवायचा. वर्षभराचे पापड होत. घाट्यात मीठ किती, याचा निवाडा वीस वर्षे बेबीबाईंच्या जिभेकडे होता. त्यांच्याआधी घाटा कोणी चाखायचा नाही, असा रिवाजच पडला होता. ती जीभच गेली, तर गल्लीत आपले काम ते काय उरले, हा विचार त्यांना पोखरत होता.

पाचव्या दिवशी सून रोहिणीने एकटीने घाटा शिजवला आणि वाटीभर परडीत ठेवून दोराने वर धाडला.

“आत्याबाई, कसा शे?”

बेबीबाईंनी जिभेवर ठेवला. काहीच कळेना. तरी त्यांनी नेहमीच्या करड्या आवाजात निकाल दिला, “बराबर शे. थाप.”

सायंकाळी रोहिणीने अर्धवट वाळलेले बिबडे तोंडात टाकले आणि ती खिडकीखाली येऊन उभी राहिली. गडबडीत ती मीठच घालायला विसरली होती. तीन खाटा बिबडी, साफ अळणी.

“आत्याबाई, मीठच पडनं नही.”

समोरच्या गच्चीवरून गजराबाईंनी ते ऐकले. वीस वर्षांची शेजारीण, आणि तितक्याच वर्षांची भांडणारी. “मंग तू चाखं काय वं, बेबी?” त्यांनी विचारले.

खिडकी बंद झाली. पुढचे दोन दिवस ताट जसे वर जाई तसेच खाली येई. फोनवरच्या आवाजाला ऑक्सिजन सत्त्याण्णव मिळाला आणि तो संतुष्ट झाला. आकडे उत्तम होते, बाई मात्र खचत होत्या.

आठव्या दिवशी सकाळी समोरच्या गच्चीवर पातेल्यावर दांडा आपटल्याचा आवाज आला.

“बेबी, खिडकी उघाड. मन्हा घाटा बुडाले लागी ऱ्हायना.”

“तुन्हा घाटा दरसाल लागस,” आतून उत्तर आले. दोन दिवसांतले बेबीबाईंचे हे पहिले वाक्य होते.

“मंग देखाले ये ना.”

खिडकी उघडली. बेबीबाईंनी पातेल्याकडे पाहिले. मग म्हणाल्या, “माले चव लागत नही, गजरा.”

“माले समजनं ते. मन्हा राजेंद्रलेबी असंच व्हयनं व्हतं.”

“चव परत उनी?”

“उनी ना. पहिला घास लिसन म्हने, माय, भाजी बिघडनी.” गजराबाईंनी दांडा उचलला. “आते असं कर. डोया तुन्हा, जीभ मन्ही. सांग, काय करू?”

“चुल्हाना जाय कमी कर पहिले. आन हालाव. झोपी गयी का?”

त्या दिवसापासून बेबीबाईंच्या खिडकीतून चार गच्च्यांचा कारभार चालू झाला. घाट्याचे बुडबुडे कसे फुटतात, दांड्यावरून तो कसा ओघळतो, हे पाहून त्या घट्ट-पातळ सांगत. गजराबाई आपल्या गच्चीवर आपलाच घाटा चाखून मिठाच्या मुठी मोजून ओरडत, आणि बाकीच्या बायका त्याच हिशेबाने मीठ टाकत. रोहिणीला दिवसातून दहा वेळा बोलणी बसत, आणि ती हसत हसत ताट वर धाडी. ताट आता रिकामे परत येई. अकरा वाजता फोन वाजला, तेव्हा बेबीबाईंनी त्या आवाजाला सुनावले, “ऑक्सिजन मंग सांगसू, भाऊ. आते घाटा उकयी ऱ्हायना.” फोन त्यांनीच आधी ठेवला.

बाराव्या दिवशी गजराबाईंनी आपले बिबडे भाजून परडीतून वर पाठवले. रोहिणीने घाटा थापलेले धोतर खाटेवर उलटे पडले होते, त्यावर बोलता बोलता बेबीबाईंनी एक तुकडा मोडून तोंडात टाकला आणि त्या मध्येच थांबल्या. जिभेच्या कडेला काहीतरी चरचरले. त्यांनी दुसरा तुकडा घेतला आणि डोळे मिटून सावकाश चावला.

“गजरा,” त्या म्हणाल्या, “खारं शे. एक मूठ जास्ती पडनं.”

समोर गजराबाई मटकन खाली बसल्या, त्याही ओल्या बिबड्यांच्या खाटेवर. मग तशाच उठल्या, आणि लुगड्याला चिकटलेली चार बिबडी घेऊन साऱ्या गल्लीला सांगत सुटल्या, “आयका वं, मन्हं बिबडं खारं शे. बेबी म्हनी ऱ्हायनी.”

बेबीबाईंनी ते खारट बिबडे शेवटच्या कणापर्यंत खाल्ले आणि परडी खाली सोडली.

“अजून एक धाड,” त्या म्हणाल्या. “नीट चाखनं शे माले.”